युरो ट्रक सिम्युलेटर २ नक्की कोणासाठी आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हा गेम खेळतो हे एकदा ओळखीपाळखीत समजलं आणि तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात, पोराला देऊ का, बाबांना जमेल का, याने ड्रायव्हिंग शिकता येतं का. दर वेळी नव्याने टाईप करायचा कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवतोय. प्रश्न ज्याने जसा विचारला जवळपास तसाच ठेवलाय.

१. हा रेसिंगचा गेम आहे का?

नाही, आणि निम्मे लोक इथेच फसतात. यात कोणाच्या पुढे जायचं नाही, पहिला नंबर नाही, नायट्रो नाही. युरोपातल्या एका शहरातून माल उचलायचा आणि दुसऱ्या शहरात वेळेत, न ठोकता पोचवायचा. चेक रिपब्लिकमधल्या प्राग शहरातल्या एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीने हा गेम २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये काढला आणि अजूनही त्यात नवीन रस्ते, नवीन देश येतच असतात. कोणासाठी आहे हे ओळखायची माझी एक साधी ट्रिक आहे. लहानपणी एसटीत चढल्यावर तुम्ही धावत जाऊन ड्रायव्हरच्या शेजारची, पुढच्या काचेजवळची जागा पकडायचात का? आणि तिथे बसून गिअर कधी टाकतो, वळणावर स्टिअरिंग किती फिरवतो हे बघत बसायचात का? हो असेल तर गेम तुमच्यासाठी आहे. खिडकीला डोकं टेकून झोपणाऱ्यांपैकी असाल तर जरा विचार करून पैसे घाला.

२. मग यात करायचं काय? नुसता सरळ रस्ताच?

सुरुवातीला तुमच्याकडे ट्रक नसतो. दुसऱ्या कंपनीचा ट्रक घेऊन छोटी कामं करायची, डिझेल, टोल सगळं त्यांचं, तुम्ही फक्त ड्रायव्हर. पैसे साठले की किंवा बँकेचं लोन काढून स्वतःचा ट्रक घ्यायचा, मग गॅरेज, मग हाताखाली ड्रायव्हर ठेवायचे. स्कॅनिया, व्होल्वो, मॅन, डाफ, रेनॉ असे खरेखुरे ट्रक आहेत. मूळ गेममध्ये जर्मनी, फ्रान्सचा काही भाग, ब्रिटन, नेदरलँड्स, पोलंड वगैरे येतं, बाकीचं वेगळं विकत घ्यावं लागतं, म्हणजे २०१५ ला स्कॅन्डिनेव्हिया आलं, २०१७ ला इटली, २०२१ ला स्पेन-पोर्तुगाल.

अंतरं आखडलेली आहेत, साधारण १९ पट. म्हणजे बर्लिन ते प्राग खऱ्या आयुष्यात साडेतीनशे किलोमीटर, गेममध्ये पंधरा-वीस मिनिटांत होतं. पण त्या पंधरा मिनिटांत काही घडत नाही, पाऊस येतो, वायपर लावता, कोणीतरी कट मारतो, एवढंच. हे ज्याला शांत वाटतं तो टिकतो.

३. मला खरी गाडीच चालवता येत नाही, तरी जमेल?

जमेल. गिअरबॉक्सचे चार प्रकार आहेत, अगदी सोप्या ऑटोमॅटिकपासून खऱ्या गाडीसारखा दांडा हलवून हाताने एच पॅटर्नमध्ये गिअर टाकण्यापर्यंत. सोपं ऑटोमॅटिक ठेवलं की पुढे जायचं बटण आणि मागे यायचं बटण, संपलं. माल पोचल्यावर ट्रेलर रिव्हर्समध्ये लावायला जमत नसेल तर पार्किंग सोडून द्यायचा ऑप्शनही मिळतो, फक्त त्याचे जास्तीचे पॉइंट मिळत नाहीत. मी पहिला महिना तेच केलं, लाज कसली त्यात.

४. मुलगा ९ वर्षांचा आहे, मारामारी नाही ना? देऊ का?

मारामारी, रक्त, शिव्या काही नाही, युरोपातल्या वयाच्या रेटिंगमध्ये याला ३ वर्षांपासून पुढे असा शिक्का आहे. माणसं फक्त लांबून दिसतात. अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे कंटाळा. नऊ वर्षांचं पोर पहिल्या दिवशी ट्रक उलटवून बघतं, समोरून येणाऱ्या गाडीला धडकवून बघतं, दंड बसतो, पैसे संपतात आणि ते म्हणतं हा गेम बकवास आहे. माझा भाचा असाच. पण त्याच्याच वर्गातला एक मुलगा इंडिकेटर दिल्याशिवाय लेन बदलत नाही, त्यामुळे पोरापोरावर आहे. शिवाय गेमची भाषा मराठी नाही, इंग्रजी थोडंफार वाचता यायला हवं. ऑनलाइनचं वेगळं आहे, ते प्रश्न १४ मध्ये बघा.

५. बाबा रिटायर झालेत, ६८ वर्षांचे, दिवसभर टीव्हीसमोर. त्यांच्यासाठी घेऊ का?

हा प्रश्न आला की मला फार बरं वाटतं, कारण माझ्या मते हा गेम सगळ्यात जास्त याच लोकांना सूट होतो आणि जाहिरातीत ते कधी दिसत नाहीत. पटापट बटणं दाबायची गरज नाही, मध्येच पॉज करून चहा घेता येतो, जेवणाची हाक आली की उठता येतं. फक्त दोन गोष्टी तुम्ही सेट करून द्या. एक, बटणं कमीत कमी ठेवा, इंजिन, लाईट, हॅन्डब्रेक, ट्रेलर जोडणं, एवढ्याचा कागद लिहून मॉनिटरला चिकटवा. दोन, गाणी. गेममधल्या रेडिओसाठी म्युझिकचा एक फोल्डर असतो, त्यात एमपी३ टाकल्या की केबिनमध्ये वाजतात. एका काकांनी त्यात सगळी भक्तिगीतं भरलीत, सकाळी सकाळी ऑस्ट्रियातल्या डोंगरात बर्फ दिसतोय आणि ट्रकमध्ये अभंग चाललेत, ऐकायला विचित्र वाटतं पण एकदा बसून बघा त्यांच्या शेजारी.

६. प्ले स्टोअरवर मिळेना, कोणीतरी एपीके पाठवलीय, टाकू का?

नको. हा गेम कॉम्प्युटरचा आहे, विंडोज, मॅक, लिनक्सवर चालतो, मोबाईलवर नाही. मोबाईलवर चालतो म्हणून जे फिरतं ते नाव वापरून केलेलं काहीतरी दुसरंच असतं, बऱ्याचदा जाहिरातींचा कचरा, कधी त्याहून वाईट. फोनवरच खेळायचं असेल तर बस सिम्युलेटर इंडोनेशिया बघा, फुकट आहे, आपल्याकडे खूप खेळतात, आणि त्यात बसचा रंग आपला आपण बदलता येतो. मराठी पोरांनी त्याच्यावर लालपरी, शिवशाही सगळं रंगवून ठेवलंय, अगदी समोरच्या पाटीवर गावाचं नाव लिहून. माझ्या गावाची गाडी तिथे धावते, खऱ्यात दिवसातून दोनदाच येते.

७. माझा लॅपटॉप जुना आहे, चालेल का?

गेम जुना असला तरी अपडेट होत होत जड झालाय. वेगळं ग्राफिक कार्ड नसलं तरी सगळं लो करून बऱ्याच लॅपटॉपवर रडतखडत चालतो, शहरात शिरल्यावर अडकतो. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात फुकट डेमो आहे, आधी तो टाकून बघा, मला स्क्रीनशॉट पाठवून विचारण्यापेक्षा ते सोपं आहे. आणि विकत घ्यायची घाई करू नका, सेलमध्ये मूळ गेम बऱ्याचदा ७५ टक्क्यांपर्यंत उतरतो.

८. स्टिअरिंग व्हील घ्यावंच लागतं का?

नाही. मी पहिली दोन वर्षं कीबोर्ड आणि माऊसवर काढली, माऊसने स्टिअरिंग फिरवायची सोय आहे आणि ती कीबोर्डच्या बाणांपेक्षा कितीतरी बरी. गेमपॅड असेल तर अजून बरं. व्हीलची किंमत एका बऱ्यापैकी फोनएवढी जाते, त्यामुळे शंभर-दीडशे तास खेळून झाल्यावर आवड टिकली तरच घ्या. घेताना ९०० डिग्री फिरणारं घ्या, स्वस्तातलं २७० डिग्रीचं ट्रकला मजा देत नाही, जरा हात हलवला की ट्रक लेनबाहेर. आणि टेबल. टेबलाचा विचार कोणी करत नाही! आमच्या डायनिंग टेबलाला क्लॅम्प बसेना म्हणून मी इस्त्रीच्या टेबलावर लावलं होतं, पहिल्याच वळणावर टेबल मांडीवर.

९. हा खेळून आरटीओची टेस्ट पास होईन का?

नुसता खेळून नाही. पण अगदीच उपयोग नाही असंही नाही.

काय शिकता येतं ते आधी सांगतो. आरशात बघायची सवय, इंडिकेटर, लेन धरून चालणं, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवणं, लांबचा सिग्नल बघून आधीच ॲक्सिलरेटर सोडणं. ४० टनांचा ट्रक ब्रेक मारला की लगेच थांबत नाही हे एकदा डोक्यात बसलं की खऱ्या रस्त्यावर ट्रकच्या पुढे स्कूटर घालायची हिंमत होत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा. ट्रेलर रिव्हर्स घेणं हे तर गेममध्येच शिकावं. स्टिअरिंग खालून धरायचं, घड्याळात सहा वाजतात तिथे, आणि ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचंय त्या बाजूला हात सरकवायचा. वरून धरलं की डोक्यात उलटसुलट होतं, खालून धरलं की हात आणि ट्रेलर एकाच दिशेला जातात.

काय शिकता येत नाही तेही ऐका. क्लच पायाला कुठे चावतो हे कळत नाही, गाडीची रुंदी अंगाला कळत नाही, चढावर गाडी मागे सरकताना पोटात जो गोळा येतो तो येत नाही. आणि आपले रस्ते. गेममध्ये उलट्या बाजूने रिक्षा येत नाही, कुत्रं आडवं जात नाही, कोणी हात दाखवून मध्येच रस्ता ओलांडत नाही. अजून एक घोळ म्हणजे युरोपात उजवीकडून चालतात. हा गेम खूप खेळून पहिल्यांदाच खऱ्या रस्त्यावर जाणार असाल तर रिकाम्या रस्त्यावर वळल्यावर हात आपोआप चुकीच्या बाजूला जाऊ शकतो. त्यासाठी ब्रिटनमध्ये खेळा, फ्रान्समधल्या कॅलेहून फेरी बोटीने डोव्हरला उतरलं की डावी बाजू सुरू होते, ड्रायव्हर सीटही उजवीकडे असलेला ट्रक घेता येतो, एकदम घरी आल्यासारखं वाटतं. फक्त तिथे पाट्या मैलात आहेत, ५० दिसलं म्हणजे ८० समजायचं.

वयाचंही एक सांगून टाकतो कारण पोरं विचारतात. आपल्याकडे कारचं लायसन्स १८ ला मिळतं, पण ट्रान्सपोर्टची गाडी चालवायला २० पूर्ण लागतात, आणि त्याच्या लर्निंगसाठी आधी हलक्या गाडीचं लायसन्स किमान वर्षभर जुनं असावं लागतं. गेममध्ये किती किलोमीटर झाले ते तिथे कोणी विचारत नाही.

१०. माझा नवरा खरंच ट्रक चालवतो. दिवसभर तेच करून आल्यावर घरी परत तेच कशाला खेळेल?

मलाही असंच वाटायचं. पण जगभर खरे ट्रक ड्रायव्हर हा गेम खेळतात, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, आणि कारण मला माझ्या मामांमुळे कळलं. मामांनी पंचवीसेक वर्षं नाशिक-मुंबई दहा चाकी चालवली, कसारा घाट त्यांना डोळे मिटून माहिती. एका दिवाळीत त्यांना बसवलं माझ्या व्हीलसमोर. पहिली गोष्ट काय केली तर आरसे. गेम सुरू झालाय, घड्याळ पळतंय, आणि हे आरसे सेट करतायत. मग उतारावर त्यांनी ब्रेकला पायच लावला नाही, खालच्या गिअरमध्ये टाकून सोडली, म्हणाले ब्रेक तापवायचे नसतात. मी तोपर्यंत शेकडो तास खेळून ब्रेक दाबूनच उतरत होतो.

नंतर मालाच्या ठिकाणी ट्रेलर मागे घेताना मात्र त्यांनी तो दोनदा मोडला, कारण आयुष्यभर सरळ बॉडीचा ट्रक चालवलेला, जोडलेला ट्रेलर कधीच नाही. चिडले, पण तिसऱ्यांदा लावलाच. दोन तक्रारी केल्या. एक, इथे कोणी हॉर्नच वाजवत नाही, झोप येते. दुसरी, चहाला कुठे थांबायचं? थांबायची जागा असते खरी गेममध्ये, पण तिथे नुसती झोप, चहावाला नाही. तरी आता आले की विचारतात, लाव रे तुझा ट्रक. इथे पोलीस अडवत नाहीत, मालक फोन करत नाही, पाठ दुखत नाही आणि रस्ता तेवढा मिळतो. तुमच्या नवऱ्याला आवडेलच असं नाही, पण एक रविवार बसवून तर बघा.

११. भारताचा मॅप आहे का? समृद्धीवर चालवायचंय.

कंपनीचा अधिकृत नाही. लोकांनी केलेले मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून घालायच्या फाईली, आहेत, टाटा-लेलँडसारखे ट्रक, आपल्या बस, भारतासारखे रस्ते, युट्यूबवर ढीगभर व्हिडिओ दिसतात. क्वालिटी कधी भारी कधी भंगार. नवीन असाल तर आधी पन्नास तास साधा गेम खेळा, कारण गेम अपडेट झाला की जुने मॉड मोडतात आणि मग तुम्हाला कळत नाही की दोष गेमचा की मॉडचा. सेव्ह फाईलची कॉपी काढून ठेवा. मी ठेवली नव्हती, पुढचं विचारू नका.

१२. पोलंडला ट्रक ड्रायव्हरची नोकरी बघतोय, तयारी म्हणून चालेल?

पाट्या, गोल चौक, उजवी बाजू याची नजर बसायला चालेल. नोकरीला मात्र तिकडचं ट्रेलरसह जड वाहनाचं लायसन्स आणि व्यावसायिक ड्रायव्हरचं वेगळं ट्रेनिंग लागतं, आणि गेम त्यातलं काही देत नाही. तासांचे नियमही गेमपेक्षा कडक आहेत. युरोपियन युनियनमध्ये साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांचा ब्रेक घ्यावाच लागतो, दिवसाला साधारण ९ तास, आठवड्यातून दोनदाच १० पर्यंत, आणि हे सगळं ट्रकमधलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र नोंदवतं. गेममध्ये फक्त ड्रायव्हर जांभया देतो, स्क्रीन काळी व्हायला लागते, आणि तेही सेटिंगमध्ये बंद करता येतं. एजंटने गेम दाखवून ट्रेनिंग म्हटलं तर तिथून उठा.

१३. मला फुल रिअल पाहिजे, हा सोपा वाटतो.

तुमच्या सेटिंग सोप्या असतील. ऑटोमॅटिक काढा (३ बघा), ट्रेलरची स्थिरता कमी करा, एअर ब्रेकचा ऑप्शन चालू करा म्हणजे ब्रेक पुन्हा पुन्हा मारले की हवा संपते, पार्किंगचा अवघड पर्याय घ्या, दोन ट्रेलर जोडून न्या. ९० चा स्पीड लिमिटर काढू नका, युरोपात जड ट्रकना तो खरंच असतो. एवढं करूनही सोपा वाटला तर तुम्ही कदाचित रेसिंगवाले आहात. ती जातच वेगळी, त्यांच्यासाठी ग्रॅन टुरिस्मो, असेटो कोर्सा असे गेम आहेत. ग्रॅन टुरिस्मोच्या स्पर्धेतून २०११ ला यान मार्डनबरो नावाचा ब्रिटिश पोरगा निवडला गेला आणि पुढे खऱ्या ट्रॅकवर रेसर झाला. ट्रकचा गेम खेळून कोणी फार तर धीर धरायला शिकतो.

१४. मित्रांबरोबर खेळता येतं का?

येतं. २०२१ पासून गेममध्येच कॉन्व्हॉय म्हणून मोड आहे, ओळखीचे चार-पाच जण मागेपुढे ट्रक लावून जायला उत्तम, प्रत्येकाकडे गेम विकत घेतलेला हवा. दुसरं ट्रकर्सएमपी, ते २०१४ पासून आहे पण कंपनीचं नाही, बाहेरच्या लोकांनी चालवलेलं. तिथे हजारो जण एकत्र असतात आणि मुद्दाम ठोकलं तर बॅन करतात. कॅले ते ड्यूसबर्गचा रस्ता तिथे इतका तुंबतो की गणपतीत कोकणात निघाल्यासारखं वाटतं. लहान मुलांना ऑफलाइनच द्या, चॅटमध्ये कोण काय बोलेल सांगता येत नाही.

१५. दहा मिनिटांत मळमळायला लागतं, म्हणजे माझ्यासाठी नाही का?

घाई करू नका. बहुतेक वेळा केबिन हलण्यामुळे होतं, सेटिंगमधून ते हलणं कमी करा, दिसण्याचा कोन वाढवा, खोलीत दिवा लावा, स्क्रीनपासून हातभर मागे बसा. तरी झालं तर २ नंबर दाबून ट्रकच्या बाहेरचा कॅमेरा घ्या. प्युअरवाले हसतील, हसू द्या.

१६. एका पायाने अधू आहे, पेडल जमणार नाहीत. खेळता येईल?

हो, पेडल मुळातच ऑप्शनल आहेत. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक गेमपॅडच्या मागच्या दोन बटणांवर येतात, कितपत दाबलं तेवढाच वेग. कुठलंही काम कुठल्याही बटणाला लावता येतं, क्रूझ कंट्रोलही आहे म्हणजे हायवेला सतत दाबून धरावं लागत नाही. एका हाताने खेळणारे असतील तर माऊसने स्टिअरिंग आणि वेगही माऊसच्याच बटणांवर घ्या, स्पीड जरा कमी ठेवा. याला वेगळा कुठला मोड लागत नाही, फक्त पहिल्या दिवशी एक तास सेटिंगमध्ये जातो.

१७. घेतला, तीन तास खेळलो, अजिबात आवडला नाही. पैसे परत मिळतील का?

स्टीमवर घेऊन १४ दिवस झालेले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर कारण न सांगता परत मिळतात. तीन तास म्हणजे हुकलं, अर्ज करून बघा पण आशा ठेवू नका. म्हणूनच ७ मध्ये डेमो म्हटलं होतं. आता गेलेच आहेत पैसे तर एकदा रात्रीचं काम घ्या, पाऊस चालू, लांब अंतर, हेडफोन लावा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. तेवढ्यानेही झोपच आली तर अनइन्स्टॉल करा, लायब्ररीत तो राहतोच, आणि घरात कोणी एसटीत पुढची सीट पकडणारं असेल तर अकाउंटचा पासवर्ड त्यांना द्या.